कडीचा आवाज

भूगोलाच्या मास्तराने भूकंपाला घाबरू नये, असा काही नियम नाही. तीस वर्षे मी शाळेत फळ्यावर पृथ्वीचे पोट कापून दाखवले. कवच, प्रावरण, गाभा अशी रंगीत खडूंनी वर्तुळे काढली. आणि तरीही २०२४ सालच्या जुलै महिन्यात, १० तारखेला सकाळी सव्वासातच्या सुमारास, हातातल्या कपातला चहा बशीत हिंदकळला तेव्हा मी काय केले, तर बायकोला हाकही न मारता, अनवाणी, थेट अंगणात जाऊन उभा राहिलो. सौ. मागाहून सावकाश आली.

"गॅस बंद केला," ती म्हणाली.

आमच्या घरी भूकंपाची कारणे मला ठाऊक आहेत आणि भूकंपात काय करायचे ते तिला. संसाराला दोन्ही लागते, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

धक्का हिंगोलीकडचा होता. तीव्रता ४.५. परभणी, नांदेड आणि आमचा जालना जिल्हा, सगळीकडे मांडणीवरची भांडी वाजली. नुकसान असे आमच्याकडे झाले नाही; पण जालन्यातल्या साठीच्या पुढच्या कोणत्याही माणसाला त्या घटकेला एकच गाव आठवले असणार. किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. पहाटे चार वाजायला चारपाच मिनिटे कमी असताना जमीन हलली. तेव्हा आमचे घर एक होते. जुन्या जालन्यातला, कुंडलिकेच्या अलीकडचा आमचा वाडा; जाड मातीच्या भिंती, वर माळवद. वडिलांनी एकेकाला हाताला धरून अंगणात काढले. आई, दादा, वहिनी, सौ., पोरे, सगळे एका सतरंजीवर उजाडेपर्यंत बसलो. लातूर-उस्मानाबादकडे दगडमातीच्या अशाच जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली, हे दिवसभरात रेडिओवरून कळत गेले. ६.२ तीव्रतेचा तो भूकंप. पण जिथे भूकंप होणारच नाही असे आम्ही वर्गात शिकवत होतो तिथे झालेला. दख्खनचे पठार स्थिर, असे माझ्या वहीत लिहिलेले होते. ते वाक्य मी पुढच्या वर्षी खोडले.

तर सांगत होतो २०२४ च्या सकाळची गोष्ट. मी अंगणात उभा होतो. पलीकडे दादाही बाहेर आला होता. दिसला नाही, अंगणाच्या मधोमध १९९८ साली पुरुषभर उंचीची भिंत घातलेली आहे. पण त्याच्या खाकरण्यावरून कळले. तो एकदा खाकरला, थांबला, पुन्हा खाकरला. मी खाकरलो नाही. आम्ही दोघे भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना जमीन पुन्हा हलते का, याची वाट पाहत काही वेळ उभे राहिलो आणि मग आपापल्या घरात गेलो.

तासाभरात माझा फोन वाजला. दादाची धाकटी मुलगी कॅनडात असते, व्हँकूव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया गावी. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती.

"काका, बाबा ठीक आहेत ना? फोन उचलत नाहीत."

"ठीक आहे. आत्ताच खाकरला."

ती हसली. बापाची खुशाली चुलत्याच्या कानावरून कळावी, यातली गंमत तिलाही कळत होती आणि मलाही. मग मास्तरकीच्या सवयीने मी तिला म्हणालो, "आमचं जाऊ दे. तुमचंच गाव जास्त धोक्याचं. तुमच्या किनाऱ्याला समुद्राचा तळ जमिनीखाली घुसतोय."

"हो काका. पण आमच्याकडे मोठ्या भूकंपाइतकी जमीन सरकते आणि कुणाला कळतही नाही. चौदा महिन्यांनी एकदा. इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

मी तीस वर्षांचा भूगोलाचा मास्तर. मला ठाऊक नव्हते. पोरीला तसे सांगितले नाही. पण फोन ठेवला आणि नातवाला संगणकापुढे बसवले. पुढचे दोन महिने मी जे वाचले, ते तुम्हांलाही सांगावेसे वाटते. कारण त्याचा आमच्या अंगणातल्या भिंतीशी संबंध आहे.

पावसाळ्यात सागवानी दार फुगते. आपण ढकलतो, ते हलत नाही. जोर वाढवत जातो, आणि एकदम दार उघडून आपण पलीकडे जाऊन पडतो. भूकंप म्हणजे हेच, असे मी मुलांना सांगत असे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला हुआन द फूका नावाचा समुद्राखालचा भूपट्ट वर्षाला चारएक सेंटिमीटर वेगाने खंडाखाली शिरतो आहे. वरच्या भागात दोन्ही खडक एकमेकांत घट्ट अडकून बसले आहेत. खूप खोल, जिथे खडक तापून मऊ झाला आहे, तिथे तो सहज सरकतो. अडकलेला भाग शेवटचा सुटला २६ जानेवारी १७०० रोजी. तारीख इतकी नेमकी कशी, असे तुम्ही विचाराल. त्या भूकंपाने उठलेली लाट अख्खा पॅसिफिक ओलांडून जपानला गेली. तिथल्या लोकांनी, जमीन हलली नसता समुद्र मात्र गावात आला, अशी नोंद करून ठेवली. तीनशे वर्षांनी कुणीतरी त्या वह्या आणि अमेरिकेतल्या किनाऱ्यावरची मेलेली झाडे यांचा मेळ घातला.

इथवर मला माहीत होते. माहीत नव्हते ते पुढचे. या अडकलेल्या आणि सरकणाऱ्या भागांच्या मध्ये, जमिनीखाली तीसचाळीस किलोमीटरवर, एक तिसराच पट्टा आहे. तो ना धड अडकलेला, ना धड मोकळा.

व्हिक्टोरियाच्या आसपास जमिनीची हालचाल मोजायला उपग्रहांशी बोलणारी यंत्रे बसवली आहेत. खालून येणाऱ्या रेट्याने ती सगळी वर्षाला काही मिलिमीटर अशी पूर्वेकडे ढकलली जातात. १९९९ च्या उन्हाळ्यात त्यांतली सात यंत्रे काही दिवस उलटी, पश्चिमेकडे सरकली. किती? दोनचार मिलिमीटर. भूकंपमापकावर भूकंपाची रेघ नाही, कुणाच्या घरातला पेला हलला नाही. हर्ब ड्रॅगर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला: खोलवर, मोठ्या विस्तारावर, दोन्ही खडक एकमेकांवरून सुमारे दोन सेंटिमीटर सरकले होते. हेच एका झटक्यात झाले असते, तर ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला असता.

म्हणजे किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा. मी ते वाचून थांबलो. किल्लारीपेक्षा मोठी हालचाल झाली, आणि एकही भिंत पडली नाही, एकही मूल दगावले नाही. फक्त घाई केली नाही म्हणून. याला शास्त्रज्ञ मंद सरक म्हणतात.

दुसरा धागा जपानचा. कोबे शहराची १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात वाताहत झाल्यावर जपानने देशभर जमिनीत भोके पाडून शेकडो भूकंपमापके बसवली. त्यांच्या नोंदींत काझुशिगे ओबारा नावाच्या संशोधकाला एक बारीकशी थरथर दिसली. भूकंपाच्या रेघेला सुरुवात असते, टोक असते. हिला काही नव्हते. मिनिटेच्या मिनिटे, कधी दिवसच्या दिवस नुसती कुरकुर. असे काही दिसले की लोक म्हणतात, वाऱ्याचा आवाज, जवळच्या रस्त्यावरून गाड्या जात असतील. आमच्या जालन्यात भूकंपमापक ठेवले तर सळयांच्या कारखान्यांचा गोंगाट त्यात असाच उमटत राहील. पण ओबाराच्या ध्यानात आले की ही कुरकुर एका यंत्रावर नाही, एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक यंत्रांवर एकाच रीतीने चढते आणि उतरते. रस्त्यावरची गाडी असे करू शकत नाही. ती कुरकुर तीसएक किलोमीटर खोलवरून येत होती. ज्वालामुखीखाली अशी थरथर होते हे पूर्वी ठाऊक होते. इथे तर ज्वालामुखी नव्हता. म्हणून २००२ साली तिचे नाव पडले ते 'ज्वालामुखीविना होणारा कंप' असे.

पुढच्याच वर्षी, २००३ साली, गॅरी रॉजर्स आणि ड्रॅगर्ट यांनी व्हिक्टोरियाकडच्या नोंदी पुन्हा काढल्या. ज्या ज्या वेळी यंत्रे उलटी सरकली होती, त्या त्या वेळी कागदावर ही कुरकुरही होती. इतकी वर्षे गोंगाट म्हणून बाजूला टाकलेली. साधारण चौदा महिन्यांनी एकदा, दोनएक आठवडे, जमीन कुरकुरत सरकते आणि पुन्हा गप्प होते.

वाचकहो, इथे मला माझ्या घरातला एक आवाज आठवला. तो सांगण्याआधी घरातली गोष्ट सांगायला हवी.

वडील १९९६ साली गेले. दोन वर्षांनी वाटणी झाली. आमच्यात भांडण झाले नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असे. आवाज चढला नाही, कोर्टाची पायरी नाही. मधे भिंत आली. भिंतीत एक दार ठेवले, दाराला दोन्हीकडून कडी. आई दादाकडे राहिली. २००३ च्या मार्चमध्ये एका रात्री तिला अस्वस्थ वाटू लागले आणि पहाटे ती गेली. मला दादाने उठवले ते ती गेल्यावर. मधे भिंतीचे अंतर, वीतभर. आणि मला हाक नाही.

मी काही बोललो नाही. तेरा दिवस झाले, मुंडण झाले, सगळे रीतसर झाले. 'मला हाक का मारली नाहीस?' हे एक वाक्य माझ्या घशात अडकले ते अडकलेच. त्यानंतर वर्षातून एकदा, पितृपक्षात वडिलांच्या तिथीला, आम्ही दोघे त्याच्या घरी एका पंक्तीला बसतो. बारा महिन्यांनी, मधे अधिक मास आला तर तेरा. तेव्हा बोलतो. मोसंबीला यंदा भाव काय, घाणेवाडीच्या तलावात पाणी किती, पुतणीला तिकडे थंडी सोसते का. दरवर्षी वाटे, चला, थोडे जवळ आलो. मंद सरक!

ही उपमा मला फार आवडली होती. दोनचार दिवस मी खुशीत होतो. मग पुढचे वाचले आणि खुशी उतरली.

खालचा पट्टा सरकतो तेव्हा तो आपल्यापुरता मोकळा होतो. पण वरच्या अडकलेल्या भागाला त्याने काही आराम पडत नाही. उलट त्याच्यावरचा ताण प्रत्येक सरकीगणिक थोडा वाढतो. आणि त्या अडकलेल्या भागात आज जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कुरकुर नाही, बारीक धक्के नाहीत. १७०० सालापासून तो गप्प आहे. ज्याने नऊ तीव्रतेचा भूकंप केला, तो हा गप्प बसलेला भाग.

इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाची हकीकत तर मला रात्री आठवून झोप येईना. तिथल्या प्रवाळांच्या वाढीत समुद्राची पातळी वर्षावर्षाने नोंदली गेली आहे. ती वाचून सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवले, की १८२९ पासून तिथे एक मंद सरक सुरू होती, बत्तीस वर्षे. बेट इतके हळू बुडत होते की माणसांच्या ध्यानातही आले नसेल. आणि १८६१ साली शेजारचा अडकलेला भाग सुटला. सुमारे साडेआठ तीव्रतेचा भूकंप. जपानच्या २०११ च्या महाभूकंपाआधीही जवळपास अशी सरक झाली होती. प्रत्येक सरकीनंतर भूकंप होतो असे मुळीच नाही. व्हिक्टोरियाला कितीदा सरकली आणि काही झाले नाही. म्हणून यावरून भविष्य कुणाला सांगता येत नाही. पण सरकते आहे म्हणजे सुटले, असे मात्र समजू नये.

बत्तीस वर्षे! मी बोटे मोजली. आईला जाऊन एकवीस झाली होती. दादा अठ्ठ्याहत्तरचा, मी बहात्तरचा. मोसंबीच्या भावावर बोलत आम्ही आणखी किती पितृपक्ष काढणार होतो?

त्या वर्षीच्या श्राद्धाला पानावरून उठल्यावर दादा ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. मी शेजारी बसलो. मी त्याला व्हिक्टोरियाची गोष्ट सांगितली, लेकीच्या गावची म्हणून त्याने नीट ऐकली. आणि मग, कसे कोण जाणे, ते वाक्य आले.

"दादा, आई गेली त्या रात्री मला हाक का मारली नाहीस?"

अडकित्ता थांबला. आतून वहिनींच्या भांड्यांचा आवाजही थांबला.

"विचारलंस एकदाचं," तो म्हणाला. बराच वेळ पुढे बोलेना. "मारली होती. एकदा. दाराशी येऊन. तुझ्या बाजूची कडी होती. आई आतून म्हणाली, झोपू दे त्याला, सकाळी त्याला बोर्डाच्या पेपरला उभं राहायचंय. मी परत फिरलो. दुसऱ्यांदा मारायला हवी होती. दार वाजवायला हवं होतं. नाही वाजवलं."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आईनं नको म्हटलं, म्हणून तिच्यावर ढकलू? आणि तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला ठाऊक आहे आणि तू मनात धरून बसलायस."

मी बसलोच होतो मनात धरून. फक्त मला ठाऊक नव्हते. मला राग आला, आणि तो नेमका कुणाचा ते कळेना. त्याचा, आईचा, की एकवीस वर्षे जीभ न उचलणाऱ्या माझा? मी म्हणालो, "मला तिला बघायचं होतं रे." आणि मग आम्ही दोघे म्हातारे वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी ओसरीवर बसून रडलो. वहिनी पाणी ठेवून गेल्या. काही बोलल्या नाहीत.

जाताना मी दाराजवळ थांबलो आणि सहज म्हणालो, "रोज रात्री दहाला तू ही कडी वाजवून बघतोस. आम्हांला ऐकू येते. लागली आहे ना, याची इतकी खात्री कशाला रे करायची?"

तोच तो आवाज. एकवीस वर्षे रोज रात्री दहाला दाराची कडी खणखणे आणि मी सौ.ला म्हणे, "घातली बघ कडी आपल्या नावानं." सकाळी पुन्हा एकदा वाजे. ती कशाला, याचा मी विचारसुद्धा केला नव्हता. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकावा तसा तो ऐकून सोडून दिला होता.

दादाने माझ्याकडे बघितले. "घालत नाही. काढतो. आई गेल्यापासून. रात्री कुणाला काही झालं तर मधे माझी कडी नको."

"आणि सकाळी?"

"सकाळी लावतो." तो जरा ओशाळला. "तुला दिसायला नको म्हणून."

त्याला आता वर्ष झाले. सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. भिंत आहे तिथेच आहे. आई गेल्याच्या रात्रीवर आम्ही पुन्हा एकदा बोललो, तेव्हा आवाज थोडा चढलाही, सौ. आणि वहिनी घाबरल्या, मला मात्र त्या चढलेल्या आवाजाचे बरे वाटले. लेकीला दादाने फोनवर सगळे सांगितले म्हणे. ती मला म्हणाली, "काका, आमच्याकडे परवा कंप सुरू झालाय, दोन आठवडे चालेल." मी म्हणालो, "चालू दे. इकडेही सुरू आहे."

माझ्या बाजूची कडी कधीची गंजून बसली होती. गेल्या पितृपक्षातल्या त्या रात्री ती निघेना. सौ.ने खोबरेल तेलाचे बोट लावले, मी उलथन्याच्या दांड्याने ठोकले. केवढा तरी आवाज झाला. पलीकडून दादा ओरडला, "काय रे, भूकंप झाला का?"

"नाही," मी म्हणालो. "कडी काढतोय."